आशाताईंचा ताणकाटा: एका कॅलिब्रेशनवाल्याचा अभिप्राय

मी चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कॅलिब्रेशनला आहे. म्हणजे लोक पार्ट मोजतात आणि ते ज्याने मोजतात ते मी मोजतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज, वजनकाटे. बारा वर्षं हेच काम. त्यामुळे कुठलंही मोजायचं साधन हातात आलं की माझा हात आधी शून्याकडे जातो. भाजीवाल्याकडेही जातो, बायको चारचौघांत कोपराने ढोसते.

हा रिव्ह्यू एका सरकारी सेवेचा आहे. कागदावर तिचं नाव एचबीएनसी, म्हणजे नवजात बाळाची घरच्या घरी काळजी. गावात तिला कोणी या नावाने ओळखत नाही. 'आशाताई बाळ बघायला येतात' एवढंच म्हणतात. सोबत मी ऑनलाइन मागवलेल्या तीन वस्तूंचाही निकाल लावणार आहे, कारण त्यांच्यावर माझे साडेपंधरा हजार गेलेत आणि कुणाचे तरी वाचावेत अशी इच्छा आहे.

बायकोचं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. हिरड्याची झाडं, भातखाचरं, आणि जानेवारीत अशी थंडी की रात्री नळाचं पाणी बोटांना चावतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. तारखेच्या महिनाभर आधीच पोटात दुखायला लागलं आणि सोमवारी पहाटे सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. नॉर्मल. वजन २ किलो १०० ग्रॅम. खर्च शून्य. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात बाळंतपण, औषधं, आईचं जेवण, घरी सोडायची गाडी सगळं मोफत. मला हे माहीत नव्हतं. मी एटीएममधून तीस हजार काढून खिशात घेऊन फिरत होतो.

दोन किलो शंभर म्हणजे किती, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे दोन किलोचं स्टँडर्ड वजन एका हाताने उचलून बाजूला ठेवतात. इथे मला दोन हात पुरेनात. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, असं सिस्टर म्हणाल्या. कॅलिब्रेशनवाल्याच्या डोक्यात लगेच आलं, टॉलरन्सच्या, म्हणजे चालेल इतक्या फरकाच्या, बाहेर. मग माझी मलाच लाज वाटली.

दवाखान्यातल्या बाकड्यावर बसूनच मी फोनवर खरेदी केली. बाळाचा डिजिटल वजनकाटा, ५ ग्रॅमचाही फरक दाखवणारा. कपाळावर रोखायचं इन्फ्रारेड थर्मामीटर. आणि सगळ्यात महाग, पायात घालायचा स्मार्ट मोजा, जो बाळाच्या नाडीचे ठोके आणि ऑक्सिजन मोजून मोबाइलवर दाखवतो. बुधवारी घरी आलो तेव्हा खोकी आमच्याआधी पोचली होती. सासऱ्यांचं किराणा दुकान आहे, कुरिअरवाला तिथेच टाकून जातो.

त्याच दुपारी आशाताई आल्या. चाळिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, पायात रबरी चपला. सासूबाईंनी चहा टाकते म्हटलं तर म्हणाल्या, "आधी बाळ, मग चहा. साबण कुठाय?"

आणि त्यांनी हात धुतले. हे मी लिहितोय कारण मी घड्याळात बघत होतो. बांगड्या वर सरकवल्या, कोपरापर्यंत साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून फेस काढला, नखं तळव्यावर घासली. मग सासूबाईंनी टॉवेल पुढे केला तो घेतला नाही. हात वर धरून तसेच वाळवले. सासूबाईंना राग आला असावा, टॉवेल धुतलेला होता. मला मात्र आमची गेज रूम आठवली. स्लिप गेजला, म्हणजे माप तपासायच्या ठोकळ्याला, उघड्या बोटाने हात लावला की आमचे साहेब अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असे ओरडतात.

पिशवीत काय होतं ते सांगतो. एक ताणकाटा आणि त्याला अडकवायची कापडी झोळी. काखेत लावायचं साधं डिजिटल थर्मामीटर. सेकंदवालं घड्याळ. बॅटरी, चमचा, साबणाची वडी, घोंगडीवजा एक छोटं दुपटं, आणि कडा दुमडलेले फॉर्म. माझ्या टेबलावरच्या तीन चकचकीत खोक्यांकडे त्यांनी एकदा बघितलं. काही बोलल्या नाहीत.

आता ताणकाटा. स्प्रिंगचा काटा म्हटलं की माझ्या धंद्यातला माणूस नाक मुरडतो. स्प्रिंग सैल पडते आणि बघणाऱ्याचा डोळा तिरका असेल तर वाचन चुकतं. पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग, मधल्या रेघा ५० ग्रॅमच्या. मी मनात म्हटलं, पाच ग्रॅमचा काटा घरात असताना हे काय घेऊन बसलोय.

ताईंनी आधी रिकामी झोळी अडकवली. काटा शून्याच्या जरा खाली आला. मग वरचा स्क्रू फिरवून तो बरोबर शून्यावर आणला. मी खुर्चीत सरळ झालो. आमच्याकडे नवीन पोरांना हे सांगून सांगून तोंड दुखतं, रिकाम्या भांड्यासकट शून्य कर आणि मग माल टाक. इथे दहावी शिकलेली बाई न सांगता करत होती. पुढे तर मी फिदाच झालो. बाळाला झोळीत घालून काटा वर उचलला तो गादीपासून वीतभरच. पडलंच तर गादीवर पडेल. आणि स्वतः गुडघ्यावर बसून डोळा बरोबर काट्याच्या रेषेत आणला. डोळा तिरका राहिला की वाचनात जी चूक होते तिला पॅरालॅक्स म्हणतात. ताईंना तो शब्द माहीत नसेल, पण काटा डोळ्यासमोर सरळ धरायचा हे पक्कं माहीत होतं. "दोन किलो बरोबर. शंभर ग्रॅम उतरलंय, पहिल्या दिवसांत उतरतं. पिवळ्यात आहे. आंघोळ घालायची नाही."

इथे सासूबाई उसळल्या. बाळाला पाचव्या दिवसापासून शेक-शेगडी, तेलपाणी, धुरी हे या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ताई भांडल्या नाहीत. "काकू, तेल लावा, वाटलं तर चोळा. पण पाण्यात घालू नका, नुसतं कोमट फडक्याने पुसा. धुरी अजिबात नको, एवढ्याशा छातीत धूर कुठे मावणार? घुटी नको, मध नको, नुसतं अंगावरचं दूध. मी रविवारी येते, तोवर एवढं ऐका."

सासूबाईंनी तोवर एवढं ऐकलं. धुरीचं मडकं मात्र माळ्यावर गेलं नाही, उंबऱ्याशीच राहिलं.

रात्री मी माझी खरेदी तपासायला काढली. सासऱ्यांच्या दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, जुनी लोखंडी वजनं दाराला अडसर म्हणून वापरतात. पण त्यांच्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे. दोन किलोचं वजन धुऊन पुसून माझ्या ऑनलाइन काट्यावर ठेवलं. २.००५. छान. पुन्हा ठेवलं, २.००५. वा. मग बाळ ठेवलं. १.९१०, २.०६०, १.९७५, परत २.०४०. पोरगी पाय मारत होती आणि आकडे नाचत होते. काट्यात खोट नव्हती. पण लोखंड हलत नाही आणि लेक हलते, हा फरक बनवणाऱ्याने लक्षात घेतलेला नव्हता. थंडगार प्लॅस्टिकच्या ताटलीवर उघडं ठेवलं की कोणीही पाय मारणारच. झोळीत ती मुटकुळं करून गप्प पडली होती. वस्तू वाईट नाही, पाचापैकी तीन.

कपाळाचं थर्मामीटर: एकाच मिनिटात तीन वाचनं, ३५.१, ३६.४, ३५.८ सेल्सिअस. रिपीटेबिलिटी, म्हणजे दर वेळी तेच वाचन येणं, शून्य. थंड खोलीत, टोपीच्या काठाशी, लहानशा कपाळावर ते काय मोजतं हे त्यालाच ठाऊक. एक तारा, तोही खोक्यावरच्या बाळाच्या फोटोला.

स्मार्ट मोजा: साडेअकरा हजार. दोन किलोच्या बाळाच्या पावलाला तो मोठाच होतो. मी चिकटपट्टी लावून बसवला. रात्री दोनला बोंबलला. घरातले पाच माणसं उठून बसली, बायको रडायला लागली, आणि मोजा गादीवर पडलेला सापडला. साडेतीनला पुन्हा. पावणेपाचला सासरे म्हणाले, "जावईबापू, त्या पायमोज्याला जरा बाहेर ओट्यावर झोपवा." त्यानंतर तो खोक्यात गेला तो गेलाच.

सातव्या दिवशी, रविवारी, ताई परत आल्या. वजन दोन किलोच. काखेतलं तापमान ९७.६ फॅरनहाइट. पावलाला हात लावून बघितला, मग पोटाला. पाऊल गार आणि पोट गरम असेल तर बाळाला थंडी वाजायला लागली आहे आणि दोन्ही गार असतील तर पळा, असं बायकोला सांगितलं. हे थर्मामीटरच्या आधीचं थर्मामीटर. बायकोला छातीशी उघडं बाळ धरून वरून दुपटं गुंडाळायची कांगारू पद्धत दाखवली. मी चाकणला परत गेलो.

मधल्या आठवड्यात गार वारं सुटलं. शनिवारी संध्याकाळी मी पोचलो तर घरात आनंदीआनंद. मेव्हणा सकाळी बाळाला मोठ्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात दाखवून आला होता. तिथे वजन निघालं २ किलो ३५०. डॉक्टर म्हणाले, बाळ मस्त वाढतंय, एक टॉनिक देतो. फी ४०० आणि टॉनिक वेगळं. मी विचारलं, वजन कसं केलं? मेव्हणा म्हणाला, कसं म्हणजे? काट्यावर ठेवलं. कपड्यांसकट? अहो, एवढ्या थंडीत उघडं करणार का?

लोकरीची टोपी, स्वेटर, मोजे, लंगोट, दोन दुपटी. मी ते सगळं गोळा करून माझ्या ऑनलाइन काट्यावर ठेवलं. ३९० ग्रॅम. वजाबाकी मी मनात केली आणि कोणालाच सांगितली नाही. सगळे इतके खुश होते. आणि मला वाटलं, मीच जास्त शहाणपणा करतोय. ही माझी चूक. कंपनीत असं वाचन आलं असतं तर मी लाइन थांबवली असती.

रात्री ती दूध ओढेना. तोंडात घेई, दोनदा ओढी, सोडून देई. सासूबाई म्हणाल्या, पोट भरलेलं असेल. रडतही नव्हती, म्हणून आम्हाला वाटलं शांत आहे.

चौदावा दिवस. ताई सकाळी नऊला आल्या. हात धुतले. यावेळी झोळीकडे गेल्याच नाहीत. आधी उभ्याउभ्या बाळाकडे बघितलं आणि विचारलं, "रात्री कितीदा पाजलं?" बायकोने सांगितलं. मग बाळाचा अंगरखा वर केला, घड्याळ बाळाच्या पोटाजवळ गादीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही."

ते एक मिनिट मला आयुष्यभर पुरेल. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, कोणी उठलं नाही. ताईंची नजर बाळाच्या पोटावर, ओठ हलतायत, मध्येच एक डोळा घड्याळाकडे. पोट वर-खाली, वर-खाली. बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. तो मला तेव्हा दिसला आणि दिसल्यावर कळलं की तो रात्रीपासून असणार.

"चौसष्ट."

मग त्यांनी परत मोजलं. पूर्ण एक मिनिट. मी म्हटलं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा ना. मान न वळवता म्हणाल्या, "नाही चालत, पाव्हणं. एवढी लेकरं मध्येच भराभर श्वास घेतात, मध्येच थांबतात. पूर्णच मोजायचा. आणि साठच्या वर आला तर दोनदा."

"सहासष्ट."

काखेत ९६.२. झोळीत १ किलो ९५०. सातव्या दिवसापेक्षा वाढायला हवं होतं, तिथे उतरलं होतं. ताईंच्या फॉर्मवर मी डोकावलो. दूध ओढत नाही, अंग गार, श्वास साठच्या वर, छातीला खड्डा. चार रकान्यांत खुणा. त्यांनी डॉक्टरसारखं रोगाचं नाव सांगितलं नाही. "याला इथे ठेवायचं नाही. बाळ आईच्या छातीशी बांधा, वरून ही घोंगडी, टोपी काढू नका. मी फोन लावते." टॉनिकची बाटली बघून विचारलं, दिलंय का? दोन थेंब दिले होते. रागावल्या नाहीत. नुसती बाटली फळीवर उंच ठेवली.

गाडी आली. ताई सोबत बसल्या. वाटेत दर थोड्या वेळाने घोंगडीत हात घालून पाऊल चाचपत होत्या. जुन्नर, नारायणगाव, मग हायवे. दोन तास.

नवजात अतिदक्षता कक्षात आठ दिवस. जंतुसंसर्ग आणि न्यूमोनिया. ऑक्सिजन तीन दिवस, इंजेक्शनं सात. आणखी एक रात्र घरी गेली असती तर, असं डॉक्टर बोलायला लागले आणि माझ्याकडे बघून थांबले. औषधाचा, खाटेचा, आईच्या जेवणाचा एक पैसा लागला नाही. एक तपासणी बाहेरून करून आणायला लावली, ६०० रुपये. ती फुकट व्हायला हवी होती हे नंतर कळलं. बाप लोकांची सोय म्हणाल तर जिन्याखालचा एक कोपरा आणि मोबाइल चार्ज करायला एकच सॉकेट, त्यावर सात जणांचा हक्क. पण आतल्या सिस्टरांना मी पूर्ण तारे देईन. पाचव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, सदरा काढायला लावला आणि बाळ छातीवर ठेवलं. म्हणाल्या, आई थकलीये, दोन तास तुम्ही. माझ्या छातीवर दोन किलोचं स्टँडर्ड वजन श्वास घेत होतं. मी मोजले. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजले. सेहेचाळीस.

जिन्याखाली बसून मी वाचायला लागलो. गावात असे श्वास मोजणं आलं कुठून? कांगारू पद्धत कोणी काढली? कामाची सवय आहे, साधनाचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

कांगारूचं सोपं निघालं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी आईचीच पेटी केली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला अभ्यास छापून आला. पाच देश, त्यातलं आपल्याकडचं ठिकाण दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, तर मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. दुसऱ्या गटातल्या बाळांना त्यापासून दूर ठेवणं योग्य वाटेना.

श्वास मोजण्याचं मात्र घरातलं निघालं. गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून तिथल्या गावांत लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. अडचण अशी की गावात डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, आणि ज्या सुइणी बाळाजवळ असतात त्यांतल्या बऱ्याच जणींना साठपर्यंत मोजता येत नाही. तर त्यांनी एक साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया.

हे वाचून मी जिन्याखाली उठून उभाच राहिलो. अहो, हे तर गो-नो-गो गेज आहे! आमच्या लाइनवर पोरांना भोकाचा व्यास मायक्रॉनमध्ये वाचायला लावत नाहीत. एक पिन देतात. हिरवं टोक आत गेलं पाहिजे, लाल टोक जाता कामा नये. आकडा वाचायचा नाही, निर्णय घ्यायचा. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी तेच मुलाच्या श्वासासाठी केलं होतं, मणी आणि वाळू वापरून. माझ्या साडेअकरा हजारांच्या मोज्याने रात्रभर शेकडो आकडे दिले, आणि त्यातल्या एकानेही 'आता निघा' असं सांगितलं नाही. बोंबलला तो पायातून निसटला तेव्हा.

मग पुढचं काम. ३९ गावांत निवडलेल्या बायकांना त्यांनी 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. घरी जाऊन बाळ तपासायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, आणि जंतुसंसर्ग दिसला तर औषध-इंजेक्शनही द्यायचं. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ च्या डिसेंबरात हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये हीच कल्पना देशभरातल्या आशांच्या पिशवीत गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी जन्मलेलं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक.

एक फरक सांगायला हवा. गडचिरोलीच्या आरोग्यदूत इंजेक्शन देत, आमच्या ताई पाठवतात. म्हणजे मोजमाप दारात पोचलं, उपचार अजून दोन तासांवर. ज्या वाडीवर गाडी जात नाही तिथे हा रिव्ह्यू वेगळा झाला असता.

आणि भेटी पहिल्या ४२ दिवसांतच इतक्या का कोंबल्यात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचे आकडे बघा. हजार जन्मांमागे एका वर्षाच्या आत २३ बाळं जातात, त्यातली १६ ते १७ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. आमच्या भाषेत, बहुतेक रिजेक्शन पहिल्या शिफ्टलाच. मग तपासणी तिथेच ठेवायची.

घरी आल्यावर धुरीचं मडकं उंबऱ्याशी नव्हतं. विचारलं नाही. नंतर ते मागच्या अंगणात तुळशीचं रोप लावलेलं दिसलं.

एकविसाव्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो, ती भेट ताईंनी फोनवर निभावली. अठ्ठाविसाव्या दिवशी आल्या तर थर्मामीटर लागेना, सेल संपलेला. उठून सासऱ्यांच्या दुकानात गेल्या, सेल घेतला आणि पैसे दिले. सासरे नको म्हणत होते. "माझ्या पिशवीचा खर्च माझा, काका." मी विचारलं, ताई, या सगळ्याचे तुम्हाला मिळतात किती? सगळ्या भेटी पूर्ण झाल्या, फॉर्म भरून सह्या झाल्या, की एका बाळामागे २५० रुपये. मी तिथेच भागाकार केला, ४१ रुपये ६६ पैसे एका भेटीचे. आमच्याकडे एक मायक्रोमीटर बाहेरून कॅलिब्रेट करून आणायला त्याच्या कितीतरी पट लागतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा मोठा सन्मान केला, तो कागद ताईंनी कोणाच्या तरी मोबाइलवर बघितलाय. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने मोबदल्यात पाच हजारांची वाढ मंजूर केली, ती आझाद मैदानावर थंडी-उन्हात बसून पदरात पडली. ताई पण गेल्या होत्या. "तीन रात्री. तिथे पण एकीचं लेकरू आजारी पडलं, मीच मोजले त्याचे श्वास."

तारे द्यायचे तर पिशवीला चार. स्प्रिंगचा काटा आहे, तपासत राहायला पाहिजे, आणि थर्मामीटरचा सेल काही स्वतःहून बदलत नाही. ताईंना किती ते मला ठरवता येईना, आमच्या कंपनीच्या फॉर्मवर ऑपरेटरसाठी एवढे रकाने नसतात.

बेचाळिसावा दिवस. झोळी, शून्य, गुडघ्यावर बसून डोळा काट्याच्या रेषेत. २ किलो ७००. काटा प्रथमच हिरव्यात. सासूबाईंनी गुळाचा खडा ताईंच्या हातावर ठेवला. फॉर्मवर बायकोने सही केली. मग तिसऱ्या महिन्यात, सहाव्या, नवव्या असं पुन्हा येणं असतं, सव्वा वर्षाचं होईपर्यंत. ती वेगळी योजना आहे, पण पिशवी तीच.

ताई चहा घेत होत्या तोवर मी काटा मागून घेतला. कंपनीतली वजनं गेटबाहेर नेता येत नाहीत, म्हणून दाराचा अडसरच उचलला. एक किलो, दोन किलो, मग दोन्ही मिळून तीन. प्रत्येक तीनदा, चढत आणि उतरत. दोन किलोला एक केसभर कमी दाखवत होता, बाकी चोख. वहीच्या कागदाची चिठ्ठी केली. तपासला, तारीख, माझी सही, पुढील तपासणी जुलै. सेलोटेपने पाठीला चिकटवली. ताईंनी काटा उलटा करून ती वाचली, पुन्हा वाचली आणि पिशवीत न टाकता पदराने पुसून हातातच धरला.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला आल्या तेव्हा पिशवी फुगलेली होती. बाळाचं सगळं झाल्यावर त्यांनी गादीवर आणखी चार काटे मांडले. शेजारच्या वाड्यांतल्या आशांचे. "मीटिंगला माझी चिठ्ठी बघितली त्यांनी," ताई म्हणाल्या. "यांना पण तसं करून द्याल का, पाव्हणं? त्यातला हा एक शून्यावरच येत नाही."

स्क्रू गंजला होता. मी सासूबाईंकडे शिलाई मशीनचं तेल मागितलं आणि सासऱ्यांना म्हटलं, दार जरा धरून ठेवा, वजनं लागतायत.